जाग्या मेंदूचा नकाशा

१९२८ सालचा डिसेंबर. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरी रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात काही महिन्यांपूर्वीच रुजू झालेल्या एका ३७ वर्षांच्या सर्जनकडे एक बाई तपासणीसाठी आली. तिला लहानपणापासून डोकेदुखी होती, पुढे फिट येऊ लागल्या होत्या आणि आता नजरही अधू होत चालली होती. मेंदूत गाठ असणार, हे सर्जनने ओळखले. अडचण एकच होती. ती बाई, रुथ, त्याची सख्खी थोरली बहीण होती.

रक्ताच्या नात्यातल्या माणसावर डॉक्टरने स्वतः सुरी चालवू नये, हा संकेत तेव्हाही होता. पण मेंदूच्या शस्त्रक्रियेत हात बसलेली माणसेच त्या काळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी वरिष्ठांचा सल्ला घेतला आणि शस्त्रक्रिया स्वतःच केली. कवटी उघडल्यावर दिसले ते वाटले होते त्याहून वाईट होते. उजव्या बाजूच्या पुढल्या भागात गाठ खोलवर पसरली होती. पेनफिल्ड यांनी तो जवळजवळ सगळा भाग काढला. हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या पट्ट्याच्या अगदी जवळ ते पोचले. तरीही गाठीचे एक मूळ आत राहिलेच. ते काढायला गेले असते तर रुथ टेबलावरच गेली असती.

रुथ वाचली, घरी गेली, मुलांचे करू लागली. मेंदूचा एवढा मोठा तुकडा काढूनही तिचे बोलणे, विनोद, माणसांविषयीची आस्था जशीच्या तशी होती. पण काहीतरी गेले होते आणि ते कशात गेले, हे कोणत्याही चाचणीत दिसत नव्हते. ते दिसले स्वयंपाकघरात. सुमारे सव्वा वर्षानंतर पेनफिल्ड तिच्याकडे जेवायला गेले. पाहुणा एकच, घरची चार माणसे, साधाच बेत. जेवायची वेळ झाली तेव्हा रुथ ओट्यापाशी उभी होती. सगळे जिन्नस समोर होते, एकदोन भांडी चुलीवर होती, पण सॅलड झाले नव्हते, मांसाला हातच लागला नव्हता आणि ती रडकुंडीला आली होती. एकेक पदार्थ तिला येत होता. कशाआधी काय करायचे, एक शिजत असताना दुसरे कसे चिरायचे, हे मात्र जमत नव्हते. ज्या बाईने वर्षानुवर्षे घर चालवले तिची ही अवस्था पाहून भाऊ हादरला असणारच. पण त्याच्यातला वैज्ञानिकही जागा राहिला. मेंदूच्या पुढल्या भागाकडे नियोजनाचे काम असते, हे आज आपण सहज म्हणतो. १९३५ साली पेनफिल्ड यांनी या विषयावर जो शोधनिबंध लिहिला, त्यात ही जेवणाची हकीकत नोंदलेली आहे. रुथ त्याआधीच, १९३१ साली गेली होती. गाठ पुन्हा वाढली होती.

मेंदूच्या रुग्णांसाठी सर्जन, फिजिशियन, पेशींचा अभ्यास करणारे आणि विजेचे तज्ज्ञ एकाच छपराखाली काम करतील अशी संस्था हवी, हा विचार पेनफिल्ड यांच्या डोक्यात आधीपासून होता. रुथच्या आजारपणाने त्याला धार आली.

पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचा. वडील डॉक्टर होते, पण व्यवसायापेक्षा शिकार आणि रानोमाळ भटकंती यांत त्यांचा जीव जास्त रमे. परिणामी दवाखाना बसला. वाइल्डर आठ वर्षांचा असताना आई मुलांना घेऊन विस्कॉन्सिनमधल्या हडसन या गावी माहेरी आली. पुढे सारे तिनेच केले. ऑक्सफर्डला जाण्यासाठी मिळणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची माहिती मुलगा १३ वर्षांचा असताना तिच्या कानावर आली. अभ्यास आणि मैदानी खेळ दोन्हींत चमक दाखवणाऱ्याला ती मिळते, हे कळल्यावर तिने मुलाला त्या वाटेला लावले. प्रिन्सटन विद्यापीठात तो फुटबॉल खेळला, १९१३ मध्ये पदवी घेतली आणि अखेर शिष्यवृत्ती मिळवलीच. डॉक्टर मात्र व्हायचे नाही, असे त्याने आधी ठरवले होते. वडिलांकडे पाहून ते साहजिकच होते. तो निश्चय प्रिन्सटनमध्येच गळून पडला.

ऑक्सफर्डमध्ये दोन माणसे भेटली. एक सर चार्ल्स शेरिंग्टन, मज्जासंस्था कशी चालते याचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार. दुसरे सर विल्यम ऑस्लर, ज्यांच्या पाठ्यपुस्तकावर जगभरचे डॉक्टर घडत होते. मार्च १९१६ मध्ये महायुद्धातल्या रुग्णालयात काम करण्यासाठी फ्रान्सकडे निघालेल्या पेनफिल्ड यांचे जहाज, ‘ससेक्स’, जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोने फुटले. पायाला जबर दुखापत झाली, पण जहाजाचा जो भाग तरंगत राहिला त्यावर ते होते. बरे होण्याचे दिवस त्यांनी ऑस्लर यांच्या घरी काढले. पुढे जॉन्स हॉपकिन्समधून १९१८ मध्ये वैद्यकीय पदवी, बोस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली उमेदवारी, मग न्यूयॉर्क.

न्यूयॉर्कमध्ये त्यांना एक प्रश्न छळू लागला. डोक्याला मार लागतो, जखम भरते, माणूस बरा होतो. आणि मग महिन्यांनी, कधी वर्षांनी, फिट सुरू होतात. त्या व्रणात असे काय असते? उत्तर शोधायचे तर मेंदूतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसायला हव्यात, आणि अमेरिकेतल्या रंगद्रव्यांनी त्या दिसत नव्हत्या. चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याची हातोटी स्पेनमधल्या पीओ देल रिओ होर्तेगा यांच्यापाशी होती. १९२४ मध्ये पेनफिल्ड बिऱ्हाड घेऊन माद्रिदला गेले. तिथल्या कामातून व्रणाभोवतीच्या आधारपेशींचे चित्र स्पष्ट झाले. आता त्या व्रणाचे करायचे काय, हा प्रश्न उरला होता.

फिट म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवे. मेंदूतल्या कोट्यवधी पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी बोलतात. एरवी हे बोलणे बाजारातल्या गजबजीसारखे असते, प्रत्येकाचे वेगळे. व्रणाभोवतीच्या पेशींचा एखादा समूह अचानक एका सुरात ओरडू लागला की तो गलका शेजारी पसरतो आणि माणूस कोसळतो. आपल्याकडे आजही काही ठिकाणी अशा माणसाच्या नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरतात. त्याने काहीही होत नाही; फिट बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून कांद्याला श्रेय मिळते. १९२०च्या दशकात डॉक्टरांकडेही फार काही नव्हते. ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटोन, बस्स. त्यांनी भागले नाही तर रुग्णाच्या नशिबी घराचा कोपरा किंवा वेड्यांचे इस्पितळ.

त्रास देणारा तो तुकडा कापून काढावा, ही कल्पना सोपी. पण मेंदू वरून पाहिला तर सगळीकडे सारखाच, वळ्या वळ्यांचा, करड्या-गुलाबी रंगाचा दिसतो. हाताचा भाग कुठला, बोलण्याचा कुठला, हे त्यावर लिहिलेले नसते. चुकीची वळी काढली तर फिट थांबेल आणि माणूस मुका होईल. इथे वीज कामाला आली. १८७० मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श केला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला होता. चार वर्षांनी अमेरिकेतल्या रॉबर्ट्स बार्थोलो यांनी कवटीला व्रण पडलेल्या एका मरणासन्न स्त्रीच्या मेंदूत सुया खुपसून प्रवाह सोडला. तिला झटके आले आणि काही दिवसांत ती दगावली. त्या प्रयोगाची कुप्रसिद्धी रास्तच आहे. त्यात रुग्णाचा काडीइतकाही फायदा नव्हता. जर्मनीतल्या ब्रेस्लाउ शहरातले ओटफ्रिड फोर्स्टर मात्र हेच तंत्र रुग्णासाठी वापरत होते. महायुद्धात डोक्याला गोळ्या लागलेले सैनिक त्यांच्याकडे येत. केवळ डोक्याच्या कातडीला सुन्न करून ते कवटी उघडत आणि जाग्या माणसाच्या मेंदूला विजेने स्पर्श करून विचारत, काय वाटते. १९२८ मध्ये मॉन्ट्रियलला जाण्याआधी पेनफिल्ड यांनी सहा महिने तिथे उमेदवारी केली.

मेंदू जागा ठेवून ऑपरेशन म्हटले की आजही लोक कानांवर हात ठेवतात. पण साऱ्या शरीराच्या वेदना ज्याला कळतात त्या मेंदूला स्वतःची वेदना कळत नाही. दुखते ती कातडी आणि मेंदूवरचे आवरण; तेवढे बधिर केले की पुरते. पेनफिल्ड रुग्णाशी आदल्या दिवशी बसून बोलत, काय होणार ते सगळे सांगत. टेबलावर पडद्याआड रुग्णाचा चेहरा मोकळा असे, जवळ कोणीतरी बोलायला असे. मग दोन बारीक टोकांचा विद्युतदांडा मेंदूच्या पृष्ठभागाला लावायचा. प्रवाह अगदी कमी ठेवून हळूहळू वाढवायचा. अंगठ्यात मुंग्या आल्या की तिथे आकडा लिहिलेली इवलीशी निर्जंतुक चिठ्ठी ठेवायची. ओठ ओढला गेला, पुढचा आकडा. रुग्ण काय म्हणाला ते लिहून घ्यायला एक जण, वरून छायाचित्र काढायला दुसरा. कधी कधी पेनफिल्ड आता स्पर्श करतो असे सांगत आणि करतच नसत. रुग्ण कल्पनेने काही सांगत नाही ना, याची ती परीक्षा. एखाद्या जागी स्पर्श करताच रुग्णाला फिटच्या आधी येणारी ओळखीची जाणीव झाली, तर चोर सापडला. कॅनडात एका नाट्यरूप चित्रफितीमुळे जळक्या पावाच्या वासाची गोष्ट घरोघरी माहीत आहे. तो वास ही अशीच फिटची पूर्वसूचना होती.

१९३४ च्या २७ सप्टेंबरला मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट उघडली. रॉकफेलर फाउंडेशनने त्यासाठी १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम दिली होती. त्याच वर्षी पेनफिल्ड कॅनडाचे नागरिक झाले. काही वर्षांत हर्बर्ट जॅस्पर हे मेंदूतल्या विद्युतलहरींच्या आलेखाचे, म्हणजे ईईजीचे, जाणकार येऊन मिळाले. शस्त्रक्रिया चालू असतानाच आलेख पाहता येऊ लागला.

चिठ्ठ्यांच्या नोंदी साठत गेल्या. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि एडविन बोल्ड्री यांनी १६३ शस्त्रक्रियांच्या आधारे निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात एक विचित्र माणूस पहिल्यांदा अवतरला. मेंदूच्या दोन्ही अंगांना मध्यावर एक उभी खाच असते. तिच्या पुढची पट्टी हालचालीची, मागची स्पर्शाची. या पट्ट्यांवर शरीर उलटे टांगल्यासारखे मांडलेले आहे, पाय वर, चेहरा खाली. पण मापे शरीराची नाहीत. पाठ आणि मांड्या मिळून जेवढी जागा त्याहून कितीतरी जास्त हाताच्या बोटांना. ओठ आणि जीभ तर अवाढव्य. हॉर्टेन्स कँटली या चित्रकर्तीने ते रेखाटले. या बुटक्याला होमनक्युलस म्हणतात आणि १९५० मध्ये पेनफिल्ड आणि थिओडोर रासमुसेन यांच्या पुस्तकात तो सुधारून आला. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो पाहिलेला असतो. सुई टोचलेली बोटाला का इतकी कळते आणि पाठीला का नाही, याचे उत्तर त्या चित्रात आहे.

बोलण्याच्या जागी प्रवाह सोडला तर बोलणे उमटत नसे, उलट अडत असे. एका रुग्णाला फुलपाखराचे चित्र दाखवले. तो गप्प. चिडून त्याने चुटकी वाजवली. दांडा उचलताच शब्द सुटला, आणि त्याने सांगितले की नाव आठवेना म्हणून पतंग हा शब्द शोधला, तोही सापडेना. म्हणजे कल्पना शाबूत होती. शब्दाची पेटी तेवढी बंद होती. अशी जागा सापडली की तिला हात लावायचा नाही, हा नियम.

सर्वांत अजब अनुभव कानशिलामागच्या भागात येत. तिथे स्पर्श होताच काही रुग्णांना गाणे ऐकू येई, वाद्यवृंदासह. दांडा उचलला की गाणे बंद. कोणाला आईने हाक मारलेली ऐकू येई. एक तरुण दक्षिण आफ्रिकेतल्या शेतावर चुलतभावंडांबरोबर हसत होता आणि त्याच वेळी आपण मॉन्ट्रियलला टेबलावर आहोत हेही त्याला कळत होते. पेनफिल्ड भारावले. माणसाने जे जे लक्ष देऊन अनुभवले त्याची अखंड फीत मेंदूत जपलेली असते, असे त्यांनी मांडले. लोकांना ते फार आवडले आणि आजही कुठे कुठे ते शास्त्र म्हणून सांगितले जाते. पण त्यांचेच आकडे पाहावेत. १९६३ च्या आढाव्यात एकूण १,१३२ रुग्ण होते. त्यांतल्या ५२० जणांच्या कानशिलाच्या भागाला वीज लावली होती, आणि असे अनुभव आले केवळ ४० जणांना. त्यांतलेही बरेचसे स्वप्नासारखे तुटक होते. स्मृती ही फीत नसते, आठवताना ती दरवेळी नव्याने जुळवली जाते, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले. नोंदी अचूक होत्या. त्यांवरून काढलेला अर्थ फार पुढे गेला होता.

दुसरी गोष्ट याहून जड आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एका इंजिनिअरच्या फिट थांबवण्यासाठी पेनफिल्ड यांनी त्याच्या डाव्या कानशिलामागचा भाग काढला, आतल्या हिप्पोकॅम्पस या घडीसकट. असे कितीतरी रुग्णांत केले होते आणि ते बरे झाले होते. हा माणूस शुद्धीवर आला तो नवीन काहीही लक्षात ठेवू न शकणारा. बुद्धी तशीच, जुने बरेचसे आठवे, पण सकाळी भेटलेला माणूस दुपारी अनोळखी. दुसऱ्या एका रुग्णाचेही तसेच झाले. पेनफिल्ड यांनी हे झाकून ठेवले नाही. तरुण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांना त्यांनी तपासायला लावले आणि दोघांनी मिळून निष्कर्ष काढला, की या रुग्णांचा दुसऱ्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आधीच खराब असला पाहिजे. आपण एक चांगला होता तोच काढला. १९५५ मध्ये त्यांनी ते तज्ज्ञांपुढे मांडले. ते वाचून अमेरिकेतल्या विल्यम स्कोव्हिल यांनी आपल्याकडेही असा रुग्ण असल्याचे कळवले. दोन्ही बाजूंचा भाग काढलेला तो तरुण पुढे एच. एम. या अद्याक्षरांनी जगप्रसिद्ध झाला आणि स्मृतीचे आधुनिक शास्त्र त्याच्यावर उभे राहिले. इंजिनिअर १९६० च्या दशकात वारला, तेव्हा शवविच्छेदनात उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आकसलेला निघाला.

या संस्थेत शिकलेली माणसे भारतातही आली. डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मेंदूच्या शस्त्रक्रियांचा विभाग सुरू केला. मुंबईतल्या न्यूरोसर्जरीचा पाया घालणाऱ्यांपैकी डॉ. राम गिंडे हेही मॉन्ट्रियलला शिकून आलेले.

१९६० मध्ये पेनफिल्ड यांनी संस्थेचे संचालकपद सोडले आणि कादंबऱ्या, चरित्रे, निबंध लिहू लागले. हिप्पोक्रेटिसवरची त्यांची कादंबरी त्याच वर्षीची. एक प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. वीज लावून रुग्णाचा हात उचलता येई, पण रुग्ण दरवेळी सांगे की हे मी केले नाही, डॉक्टर, तुम्ही केलेत. इच्छा, निर्णय, श्रद्धा यांतले काही विजेच्या स्पर्शाने उमटल्याचे त्यांना एकदाही दिसले नाही. मग मन म्हणजे मेंदूच, की आणखी काही? १९७५ च्या पुस्तकात, ८४ व्या वर्षी, ते दुसऱ्या बाजूला झुकले. बहुतेक मेंदूशास्त्रज्ञांना ते पटले नाही. मेंदूच्या पृष्ठभागावर एका टोकाने जे उमटत नाही ते मेंदूत नाही, असे कसे म्हणता येईल, हा त्यांचा आक्षेप वजनदार आहे. ५ एप्रिल १९७६ रोजी पोटाच्या कर्करोगाने पेनफिल्ड यांचे मॉन्ट्रियलमध्ये निधन झाले.

त्यांच्या काळात वीज मुख्यतः शोधायला वापरली जाई. इलाज सुरीचा होता. नंतर वीजच इलाज झाली. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरी अलीम-लुई बेनाबीद शस्त्रक्रियेआधी जागा तपासत असताना त्यांच्या लक्षात आले, की ठरावीक वेगाने प्रवाह सोडला की कंप थांबतो. मग तुकडा जाळायचा कशाला, तार तिथेच ठेवावी. मेंदूत खोलवर तार आणि छातीच्या कातडीखाली बॅटरी, असे हे डीबीएस उपचार आता पार्किन्सनच्या निवडक रुग्णांना दिले जातात, आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही. त्याने आजार मुळातून बरा होत नाही. कंप आणि ताठरपणा कमी होतो, गोळ्या कमी लागतात. फिट सुरू होताना ती ओळखून लगेच प्रवाह सोडणाऱ्या, कवटीत बसवायच्या उपकरणाला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. कवटी न उघडता बाहेरून चुंबकीय स्पंदने देऊन नैराश्यावर उपचार करण्याची पद्धतही रूढ झाली आहे.

होमनक्युलसलाही २०२३ मध्ये दुरुस्ती सुचवली गेली. अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या संशोधकांनी एमआरआयच्या साहाय्याने दाखवले, की हात, पाय आणि चेहऱ्याच्या जागांच्या मध्ये आणखी तीन पट्टे आहेत, आणि ते एका अवयवाशी नव्हे तर साऱ्या शरीराच्या हालचालींच्या आखणीशी जोडलेले आहेत. पेनफिल्ड यांच्या बुटक्याचे अंग त्या ठिकाणी सलग नाही, मध्ये मध्ये तुटलेले आहे. शस्त्रक्रियागृहात मात्र एमआरआयचे चित्र समोर असूनही, गाठ बोलण्याच्या जागेजवळ असेल तर सर्जन आजही रुग्णाला जागे ठेवतात, चित्रे दाखवून नावे विचारतात आणि दांडा टेकवतात.